खांबावरची नावे : रेकोहू बेटावरील एकटीची भ्रमंती

न्यूझीलंडच्या बहुतेक नकाशांत एका कोपऱ्यात वेगळी आखलेली लहानशी चौकट आढळते. चॅटम बेटे मुख्य भूमीपासून इतकी दूर आहेत, की त्यांना नकाशात जागा देण्यासाठी ही चौकट काढावी लागते. दक्षिण बेटाच्या पूर्वेला सुमारे 800 किलोमीटर अंतरावर, प्रशांत महासागराच्या उघड्या वाऱ्यात हा द्वीपसमूह उभा आहे. लोकवस्ती सहाशेच्या आसपास, तीही चॅटम आणि पिट या दोनच बेटांवर. मोठ्या बेटाला तीन नावे आहेत. येथील आद्य रहिवासी मोरिओरी त्याला रेकोहू म्हणतात, माओरी व्हारेकाउरी म्हणतात, आणि ‘चॅटम’ हे नाव 1791 साली येथे येऊन थडकलेल्या एका इंग्रजी जहाजाचे आहे.

न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांच्या सहली साधारणपणे रोटोरुआचे उष्ण झरे, क्वीन्सटाउनचे डोंगर आणि मिलफर्डचा समुद्र यांच्या पलीकडे जात नाहीत. या बेटांकडे मी वळले त्याला एक निमित्त घडले. आपल्याच एका स्नेहमेळाव्यात एका शाळकरी मुलीने प्रकल्पासाठी मोरिओरींविषयी विचारले, तेव्हा मोठ्या माणसांपैकी कोणीतरी सहज सांगून टाकले, “ते लोक आता उरलेच नाहीत. माओरींनी त्यांना संपवले.” ते वाक्य माझ्या मनात सलत राहिले. ज्या समाजाने आपला इतिहास पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला आणि त्याचे मोल भोगले, त्याने दुसऱ्या एखाद्या समाजाविषयी ऐकीव गोष्ट पुढच्या पिढीच्या हाती द्यावी का? सुट्टी मिळाली तेव्हा पाठीवर पिशवी टाकली आणि फेब्रुवारीत सहा दिवसांसाठी एकटीच निघाले.

पाऊण तास पुढे

विमानात शेजारी एक वयस्कर बाई होत्या. मुख्य भूमीवर दाताच्या उपचारासाठी गेल्या होत्या आणि आता घरी परतत होत्या. बोलता बोलता त्यांनी मला विचारले, “तुम्ही न्यूझीलंडहून आलात का?” क्षणभर मी गोंधळले. मग उलगडा झाला : बेटावरची माणसे मुख्य भूमीलाच ‘न्यूझीलंड’ म्हणतात. मी ऑकलंडमध्ये राहते, मूळची नागपूरची, असे सांगितल्यावर त्यांनी नागपूर समुद्रापासून किती दूर आहे, हे विचारले. समुद्र कधीच दिसत नाही अशा ठिकाणी माणसे राहतात, याचेच त्यांना नवल वाटले.

बेटाचे घड्याळ न्यूझीलंडच्या पाऊण तास पुढे चालते. नागपूरला आईशी बोलताना मला सव्वाआठ तासांचा हिशेब करावा लागला, आणि “असं कुठं पाऊण तासाचं असतं का गं?” हे तिचे हसणे दोन-तीनदा ऐकावे लागले.

वायतांगी हे बेटावरचे मुख्य गाव. ज्या वायतांगीत 1840 साली माओरी प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात करार झाला, ते गाव वेगळे. ते उत्तर बेटाच्या टोकाला आहे. या वायतांगीत एक धक्का, एक दुकान, एक हॉटेल आणि मासेमारीच्या नावा. पावा नावाचे शिंपले, मोठे समुद्री शेवंडे आणि ‘ब्लू कॉड’ मासा यांवर येथील अर्थव्यवहार चालतो. उरलेले बेट मेंढ्यांचे, गुरांचे आणि वाऱ्याचे. वाऱ्याने अकिआकीची झाडे एकाच दिशेला अशी वाकवली आहेत, की वारा नसलेल्या दिवशीही तो वाहत असल्याचा भास होतो.

येथे सार्वजनिक वाहतूक नाही. चालायचे, आणि कोणी गाडी थांबवली तर बसायचे. पहिल्या दोन दिवसांत असे फिरून मी ओहिरा उपसागराजवळचे बेसॉल्टचे खांब पाहिले. अंधेरीचा गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ती रचना चटकन ओळखू येईल : तापलेला लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगांमधून घडलेले षट्कोनी स्तंभ, येथे मात्र थेट समुद्रात पाय रोवून उभे. बेटाच्या पोटात ‘ते व्हांगा’ हे मचूळ पाण्याचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या पश्चिम काठावर लाखो वर्षांपूर्वीच्या शार्क माशांचे अश्मीभूत दात सापडतात.

रानपक्षी पाहण्यासाठी क्राइस्टचर्चहून आलेल्या एका निवृत्त परिचारिकेशी निवासगृहात ओळख झाली. तिने मला येथील काळ्या रॉबिनची हकीकत सांगितली. 1980 साली जगात हे पक्षी अवघे पाच उरले होते आणि अंडी घालून पिल्ले वाढवू शकणारी मादी एकच होती. तिला ‘ओल्ड ब्लू’ म्हणत. डॉन मर्टन यांच्या नेतृत्वाखालील वनरक्षकांनी तिची अंडी दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यांत उबवून घेतली. आज अडीचशेच्या आसपास असलेले सारे काळे रॉबिन त्या एका मादीचे वंशज आहेत.

नुनुकूचा नियम

मोरिओरी आणि माओरी यांचे पूर्वज एकच, पॉलिनेशियन दर्यावर्दी. साधारण पाचशे वर्षांपूर्वी त्यांची एक शाखा न्यूझीलंडहून या बेटावर आली आणि पुढे बाह्य जगाशी तिचा संबंध तुटला. थंड हवेमुळे येथे रताळ्याची शेती होत नाही. म्हणून मासे, सील, समुद्रपक्षी आणि कोपी झाडाची फळे यांवर त्यांनी आपले जीवन बेतले. मोठी झाडे नसल्याने गवताच्या दांड्यांच्या जुड्या बांधून होड्या केल्या. पाणी आरपार जाऊ देणाऱ्या या होड्या खवळलेल्या समुद्रातही बुडत नसत.

आरंभी या लोकांतही टोळीयुद्धे होत. अशाच एका रक्तपातानंतर नुनुकू-व्हेनुआ या प्रमुखाने हत्या आणि नरमांसभक्षण कायमचे बंद करण्याची आज्ञा दिली. तंटा झालाच, तर अंगठ्याएवढ्या जाडीच्या आणि हातभर लांबीच्या काठीने लढावे, आणि पहिले रक्त दिसताच थांबावे. कलिंगाचे रणांगण पाहून सम्राट अशोकाचे मन पालटले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तशीच ही घटना. फरक इतकाच, की नुनुकूची आज्ञा मोरिओरींनी शतकानुशतके पाळली.

1791 साली इंग्रजी जहाज आले तेव्हा काइंगारोआच्या किनाऱ्यावर खलाशांशी झटापट झाली आणि तामाकारोरो नावाचा एक मोरिओरी गोळीने मारला गेला. मोरिओरींनी त्यावर सूडाचा विचार केला नाही. झटापटीत आपल्याच माणसांचा उतावीळपणा नडला, असे मानून पुढे येणाऱ्या परक्यांचे शांतीच्या चिन्हांनी स्वागत करायचे त्यांनी ठरवले.

1835 साल

नोव्हेंबर आणि डिसेंबर 1835 मध्ये ‘रॉडनी’ या जहाजाच्या दोन फेऱ्यांतून आजच्या वेलिंग्टन बंदरातून सुमारे नऊशे माओरी येथे उतरले. ते न्गाती मुतुंगा आणि न्गाती तामा या टोळ्यांचे होते. त्यांच्याजवळ बंदुका होत्या. प्रवासात आजारी पडलेल्या या पाहुण्यांची मोरिओरींनी आधी शुश्रूषा केली. काही दिवसांनी पाहुण्यांनी जमिनीचा ताबा घ्यायला सुरुवात केली.

मोरिओरींची सभा ‘ते आवापातिकी’ येथे भरली. तरुणांचे आणि काही वडीलधाऱ्यांचेही म्हणणे होते, की नुनुकूचा नियम आपल्या आपल्यांतला आहे, या परक्यांशी लढले पाहिजे. संख्येने मोरिओरी दुपटीच्या जवळ होते. परंतु तापाता आणि तोरेआ या ज्येष्ठांनी निक्षून सांगितले, की हा नियम सोयीनुसार बदलण्याचा डावपेच नाही, ते आपले नैतिक बंधन आहे. सभेने शांततेचा आणि जमीन वाटून घेण्याचा निर्णय केला. तो निरोप पोहोचण्यापूर्वीच कत्तल सुरू झाली. दोनशेहून अधिक माणसे मारली गेली आणि उरलेल्यांना गुलाम करण्यात आले. त्यांना आपसांत विवाह करण्यास बंदी झाली, स्वतःची भाषा बोलण्यास बंदी झाली, आपल्याच हातांनी आपली पवित्र स्थळे विटाळण्यास भाग पाडले गेले. ही बंधने वाचताना आपल्या वाचकांना काही आठवले नाही तरच नवल.

1842 साली ही बेटे ब्रिटिश राज्यात सामील झाली. ब्रिटिश साम्राज्याने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा 1833 सालीच केला होता. तरीही येथील गुलामगिरी संपल्याचे जाहीर व्हायला 1863 साल उजाडले. कायदा ग्रंथात असणे आणि तो वस्तीपर्यंत पोहोचणे, यांतले अंतर किती असते, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको. 1862 साली केवळ 101 मोरिओरी जिवंत होते. आणि 1870 साली जमीन न्यायालयाने 97 टक्क्यांहून अधिक जमीन आक्रमकांच्या नावे केली, मोरिओरींच्या वाट्याला तीन टक्केही आली नाही.

एका गाडीतली भेट

तिसऱ्या दिवशी पावसात चालत असता एका गृहस्थांनी गाडी थांबवली. शेवंडे पकडण्याचा त्यांचा धंदा. मी मोरिओरींचा इतिहास समजून घेण्यासाठी आले आहे, असे सांगितल्यावर ते काही वेळ गप्पच राहिले. मग म्हणाले, की त्यांची पणजी मोरिओरी होती आणि पणजोबा न्गाती मुतुंगा. बेटावरच्या अनेक घरांत असेच आहे. “मी माझ्यातल्या कोणाची बाजू घेऊ?” एवढेच त्यांनी विचारले.

त्यांनी मला आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला सांगितली. जे आले, तेही सुखासुखी आले नव्हते. उत्तरेकडील बंदूकधारी टोळ्यांनी त्यांना तारानाकी या त्यांच्या मूळ प्रदेशातून हुसकावले होते. पुढे 1866 साली सरकारने ते कूती या माओरी नेत्याला खटला न चालवता येथेच हद्दपार केले. 1868 च्या जुलैमध्ये ‘रायफलमन’ जहाज ताब्यात घेऊन ते सुमारे तीनशे स्त्री-पुरुष-बालकांसह येथून निसटले. पिळला गेलेला माणूस संधी मिळताच आपल्याहून दुबळ्याला पिळतो, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खाली पाहायला कोणीतरी देते. म्हणून ‘माओरींनी मोरिओरींना मारले’ हे वाक्य जितके खरे, तितकेच अपुरे आहे.

आणि ते वाक्य वापरले कोणी, हेही पाहिले पाहिजे. मोरिओरी हे माओरींच्या आधी न्यूझीलंडमध्ये राहणारे, वेगळ्या आणि हीन वंशाचे लोक होते, माओरींनी त्यांना पळवून लावले, अशी कथा 1916 साली शाळकरी मुलांच्या ‘स्कूल जर्नल’मध्ये छापली गेली. ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. तिच्यातून गोऱ्या वसाहतकारांना सोयीचा युक्तिवाद मिळाला : माओरींनी आधीच्यांना हटवले, आम्ही माओरींना हटवले, यात वावगे ते काय? संशोधक स्किनर यांनी 1923 सालीच ही कथा निराधार ठरवली होती. पण खोटी कथा सोयीची असली, की पुरावा तिच्यामागे धावत राहतो. 1933 साली तामे होरोमोना रेहे, अर्थात टॉमी सॉलोमन, यांचे निधन झाले. त्यांचे दोन्ही आईबाप मोरिओरी होते. जगाने जाहीर केले, की शेवटचा मोरिओरी गेला. त्यांची मुले, नातवंडे समोर असताना! आईबापांपैकी एकाच्या रक्ताने माणूस माओरी ठरे, इंग्रज ठरे. मोरिओरी मात्र केवळ ‘शुद्ध’ असेल तरच मोरिओरी, हा न्याय कोणी ठरवला?

झाडांवरच्या आकृती

बेटाच्या ईशान्येला हापुपू नावाचे कोपी झाडांचे वन आहे. तेथील खोडांवर मोरिओरींनी मानवाकृती कोरल्या आहेत. सालीवर उमटलेली मोठी डोकी, छातीच्या फासळ्या, दुमडलेले हात. पूर्वजांच्या स्मरणार्थ त्या कोरल्या, असे मानतात. झाड वाढते तशी आकृती पसरते आणि झाड मेले, की तीही जाते. गुरांपासून संरक्षणासाठी आता कुंपण आहे, लेझर यंत्रांनी आकृत्यांच्या नोंदीही घेतल्या आहेत. अजिंठ्याचा दगड दोन हजार वर्षे टिकला, या झाडांना तेवढे आयुष्य नाही. त्या वनात मी तासभर बसले. कोणी बोलत नव्हते. वारासुद्धा कुंपणापाशीच थांबल्यासारखा वाटत होता.

कोपिंगा

पाचव्या दिवशी कोपिंगा येथील मराएवर गेले. मराए म्हणजे समाजाचे सभागृह आणि श्रद्धास्थान. आपल्या विहाराशी त्याची तुलना करता येईल. 2005 च्या जानेवारीत उघडलेली ही वास्तू टेकडीवर आहे. तिचा आकार पंख पसरलेल्या अल्बाट्रॉस पक्ष्यावरून घेतला आहे. हा पक्षी मोरिओरींच्या शांतिपरंपरेचे प्रतीक, आणि “मे रोंगो”, म्हणजे ‘शांतीसह’, हे तिथले अभिवादन.

सभागृहाच्या मध्यभागी एक खांब आहे. त्या खांबावर 1835 साली हयात असलेल्या सोळाशेहून अधिक मोरिओरी पूर्वजांची नावे आहेत. ती कोठून मिळाली, हे तेथे भेटलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी समजावून सांगितले. 1862 साली, अजून गुलामगिरीतच असताना, उरलेल्या ज्येष्ठांनी आठवून आठवून सत्तावीस वर्षांपूर्वीच्या प्रत्येक माणसाचे नाव सांगितले. कोण मारले गेले, तेही सांगितले. लिहिता येणाऱ्यांनी ते लिहून घेतले आणि न्याय मागणाऱ्या अर्जासह गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांच्याकडे पाठवले. शस्त्र न उचललेल्या त्या माणसांनी लेखणी मात्र उचलली होती.

त्या खांबापुढे उभी असताना मला कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ आठवला. त्यावरील 49 नावांपैकी 22 नावे ‘नाक’ प्रत्ययाची, महार सैनिकांची आहेत. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तेथे गेले आणि विस्मरणात पडलेली ती नावे समाजाच्या स्वाभिमानाचा आधार झाली. एक स्तंभ लढलेल्यांचा, दुसरा न लढण्याचे वचन पाळलेल्यांचा. मी त्या बाईंना हे सांगितले. त्यांनी ‘नाक’ प्रत्ययाचा अर्थ विचारला, तो दोनदा उच्चारून पाहिला आणि म्हणाल्या, नाव असले की माणूस संपला असे कोणाला म्हणता येत नाही.

मग मी मनात घोळत असलेला प्रश्न विचारलाच : नुनुकूच्या नियमामुळेच हा विनाश ओढवला, असे नाही का? त्यांचे उत्तर शांत होते. वचन पाळणाऱ्याला दोष देऊन मारणाऱ्याला मोकळे सोडू नका, असा त्याचा मथितार्थ.

परतीच्या वाटेवर मी या उत्तराचा विचार करीत होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार तत्त्व म्हणून केला आहे, आंधळा नियम म्हणून नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची आवश्यकता यांत त्यांनी भेद केला आणि निर्णय माणसाच्या विवेकावर सोपवला. सिंह सेनापतीच्या प्रश्नाला तथागतांनी दिलेल्या उत्तराचा आधार घेऊन, न्यायासाठी बळ वापरणे धम्माला वर्ज्य नाही, असेही त्यांनी अन्यत्र मांडले आहे. त्या कसोटीवर आपल्यापैकी अनेकांना ते आवापातिकीचा निर्णय पटणार नाही. मलाही तो पूर्ण पटतो, असे म्हणवत नाही. परंतु तो भ्याडांचा निर्णय नव्हता. खुल्या सभेत, दोन्ही बाजू ऐकून, परिणाम ओळखून घेतलेला तो निर्णय होता. आणि पुढची त्यांची वाट तर आपल्या ओळखीची आहे : अर्ज, साक्षी, न्यायासन, कायदा. 2001 साली वायतांगी न्यायाधिकरणाने आपल्या अहवालात मोरिओरींचा पक्ष उचलून धरला. फेब्रुवारी 2020 मध्ये समझोत्यावर सह्या झाल्या आणि नोव्हेंबर 2021 मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने कायदा केला. त्यात राजसत्तेची क्षमायाचना आहे, 1 कोटी 80 लाख डॉलरची भरपाई आहे, आणि मोरिओरी हे रेकोहूचे आद्य जन आहेत ही मान्यता आहे. 1862 चा अर्ज ते 2021 चा कायदा : एकशे एकोणसाठ वर्षे.

जाणाऱ्यांसाठी

ऑकलंड, वेलिंग्टन आणि क्राइस्टचर्च येथून एअर चॅटम्सची विमाने जातात, प्रवास सुमारे दोन तासांचा. राहण्याची जागा आधी ठरवल्याशिवाय निघू नये. बहुतेक जमीन खाजगी मालकीची असल्याने कोठेही तंबू ठोकता येत नाही, आणि अनेक स्थळी मालकाची परवानगी घेऊनच जावे लागते. वाणसामान महाग आहे, डाळ-तांदूळ सोबत न्यावेत. एकट्या स्त्रीने फिरण्याविषयी मला अनेकींनी विचारले. मला कोठेही भीती वाटली नाही. वाऱ्याची आणि अचानक येणाऱ्या पावसाची तयारी मात्र हवी. कोरलेल्या झाडांना हात लावू नये.

2023 पासून न्यूझीलंडच्या शाळांत या देशाचा इतिहास शिकवणे बंधनकारक झाले आहे. आपली मुले तो शिकून घरी येतील तेव्हा मोरिओरी ‘होते’ असे न सांगता मोरिओरी ‘आहेत’ असे सांगू या.

आणि एक काम आपण स्वतःच्या घरी करू या. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर उभी राहिलेली लाखो माणसे कोण होती? त्यांत आपली आजी होती का, पणजोबा होते का? कोणत्या गावाहून, कसे आले, घरी परतल्यावर देव्हाऱ्यातले देव कोणी उचलले? तो दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत, आणि त्यांची नातवंडे ऑकलंड, मेलबर्न, टोरंटोला. 101 मोरिओरींनी सोळाशे नावे आठवणीतून वाचवली. आपल्याजवळ फोन आहे, वही आहे, आणि पलीकडे अजून बोलणारा आवाज आहे. या रविवारी वंदना झाली, की घरी फोन लावा. नावापासून सुरुवात करा.

जयभीम, नमो बुद्धाय.